लग्नाला तीस वर्षे झाल्यावर उखाणा कसा रचावा

लग्नात, डोहाळजेवणाला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘नाव घ्या, नाव घ्या’ असा आग्रह होतो, नवी नवरी पाठ केलेला उखाणा लाजत म्हणते, आणि मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत तो उखाणा विस्मरणात गेलेला असतो. माझ्या मते उखाण्याला खरा रंग त्यानंतरच चढतो. नव्या जोडप्याला एकमेकांविषयी फारसे काही ठाऊक नसते, म्हणून त्यांना चांदीची वाटी, चंद्र आणि तारे उसने घ्यावे लागतात. ज्यांनी एकमेकांची दुखणीखुपणी, सवयी आणि लहरी वर्षानुवर्षे सांभाळल्या आहेत, त्यांना काहीही उसने घ्यावे लागत नाही. म्हणून मुरलेल्या संसारातल्या जोडप्यांनी नवे उखाणे स्वतः रचावेत आणि कार्यक्रमाची वाट न पाहता घरातच, एकमेकांसाठी, म्हणावेत.

सुरुवात शब्दांपासून करू नये, निरीक्षणापासून करावी. आपल्या माणसाची अशी एक लकब निवडावी जी बाहेरच्या कोणाला ठाऊक नाही: वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचणे, कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून पाहणे, भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट मिळाली की दिवसभर खुशीत असणे. लकब जितकी बारीक, तितका उखाणा त्या एकाच माणसाचा होतो.

रचना अवघड नाही, पण क्रम पाळावा. उखाणा बहुधा दोन ओळींचा असतो, दोन्ही ओळींच्या शेवटी यमक असते आणि नाव दुसऱ्या ओळीत येते. अनेकांची गाडी अडते ती नावाशीच यमक जुळवायला गेल्यामुळे. नाव दुसऱ्या ओळीच्या आरंभी ठेवले की ओळीचा शेवट मोकळा राहतो. आधी ही दुसरी ओळ पूर्ण करावी, कारण खरा मुद्दा तिच्यात असतो, आणि मग तिच्या शेवटच्या शब्दाला जुळणारी पहिली ओळ शोधावी. ओळ मोठ्याने म्हणून पाहावी. मध्यावर श्वास घ्यायला जागा नसेल, तर एखादा शब्द काढून टाकावा. चंद्रशेखरराव किंवा पुरुषोत्तमराव अशी लांब नावे असतील, तर उरलेले शब्द आखूड निवडावेत.

एक उदाहरण पाहू. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या हातून असे काहीसे उतरते:

आकाशात चमकतो चंद्र आणि तारा,
अनंतरावांचा मला जन्मभर सहारा.

यात वावगे काही नाही, परंतु अनंतरावांच्या जागी दुसरे कोणतेही राव बसवले तरी चालेल, आणि दोष तोच आहे. समजा, अनंतरावांना मधुमेह आहे, पहाटेचे फिरणे ते चुकवत नाहीत आणि परतल्यावर चहात चोरून साखर घालतात. यमक तेच ठेवावे आणि मजकूर घरातला घ्यावा:

पहाटेचा फेरफटका, पाऊस असो वा वारा,
अनंतरावांच्या साखरेवर माझा कडक पहारा.

आता हा उखाणा दुसऱ्या कोणाला चालणार नाही. त्यात काळजी आहे, दटावणी आहे, आणि पाऊस-वाऱ्यातही फिरणे न चुकवण्याचे कौतुकही आहे. सगळे चोख बसलेला आणखी एक नमुना:

चष्मा शोधतात घरभर, असतो डोक्यावर,
अनंतरावांचा भरवसा सगळा माझ्याच डोळ्यांवर.

पुरुषांनी हे काम बायकांवर सोडून देऊ नये. गृहप्रवेशाच्या वेळी आणि घास भरवताना नवरदेवालाही नाव घ्यावेच लागते. तीच रीत पुढे चालू ठेवायची आहे. सकाळी स्वयंपाकघरात मदतीला उभा राहणारा नवरा सहज म्हणू शकतो:

कुकरच्या तीन शिट्ट्या मोजतो मी नेमाने,
चौथी मात्र वाजते मालतीच्या नावाने.

नावाबाबत एक अडचण हल्ली येते. पूर्वी नवऱ्याला ‘अहो’ म्हणत, त्याचे नाव तोंडाने घेत नसत, आणि म्हणून उखाण्यात ते उच्चारण्याची गंमत होती. आज जी जोडपी दिवसभर एकमेकांना नावानेच हाक मारतात, त्यांनी रोजचे नाव बाजूला ठेवून शिधापत्रिकेवरचे पूर्ण नाव घ्यावे. ऐकणाऱ्याला हसू आवरत नाही. याहून गोड वाट नवऱ्यांसाठी आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून जिचे नाव बदलले, तिच्यासाठी उखाण्यात माहेरचे नाव घ्यावे. आई-वडील आणि शाळेतल्या मैत्रिणींखेरीज ज्या नावाने तिला कोणी हाक मारत नाही, ते नाव नवऱ्याच्या तोंडून अवचित ऐकले की तिच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे प्रत्येक नवऱ्याने एकदा तरी पाहावे. त्या नावामागे काही दुःख नाही ना, एवढी खात्री मात्र आधी करून घ्यावी.

म्हणायची वेळ साधणे हा निम्मा आनंद आहे. लग्नानंतर करवल्या दार अडवतात आणि नाव घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. तसेच भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या नवऱ्याला चौकटीवर आडवा हात ठेवून ‘आधी नाव घ्या’ म्हणावे. त्याने जागच्या जागी काहीही जुळवले, यमक लंगडे असले, तरी आत घ्यावे. मोसमातल्या पहिल्या हापूसची फोड भरवताना, जेवणानंतर विडा देताना, पाडव्याला बायकोने ओवाळल्यावर तबकात ओवाळणी ठेवताना उखाणा शोभतो. साठीशांतीला किंवा साधारण ८१व्या वर्षी होणाऱ्या सहस्रचंद्रदर्शनाला पुन्हा हार घातले जातात, तेव्हा तर घरात मुरलेले उखाणे असणाऱ्या जोडप्याला कोणाच्या आग्रहाची गरजच पडत नाही.

लिहूनही देता येतो. किराणा मालाच्या यादीत तूरडाळ आणि रवा यांच्यामध्ये उखाण्याची एक ओळ लिहावी. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ती सापडते. वारांचे कप्पे असलेल्या गोळ्यांच्या डबीत, एखाद्या कप्प्यात, घडी केलेली चिठ्ठी ठेवावी. फक्त याचा रतीब घालू नये. रोज मिळणाऱ्या चिठ्ठीची वाट पाहिली जात नाही.

मर्यादा दोनच, पण त्या कटाक्षाने पाळाव्यात. ज्या गोष्टीवर कालच वाद झाला, ती उखाण्यात आणू नये, कारण यमकातला टोमणा साध्या टोमण्याहून जास्त काळ लक्षात राहतो. आणि ज्याच्याविषयी उखाणा आहे, त्याला सर्वांत आधी हसू यावे. हरवलेल्या चष्म्यावर हसता येते. कमी ऐकू येणे ज्याच्या जिव्हारी लागले आहे, त्याच्या कानांवर हसू नये. माहेर-सासरची तुलना, वजन आणि पैसा हे विषय मी तरी पूर्ण वर्ज्य मानते.

लेकीच्या बाळंतपणासाठी आई काही महिने परदेशी जाते आणि वडील घरी एकटे राहतात, असे आता पुष्कळ घरांत घडते. अशा वेळी उखाणा स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा आणि नाव घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे, म्हणजे समोरचाही कान देऊन थांबतो. नातेवाइकांच्या गटावर तो टाकू नये, आणि उत्तर लगेच आले नाही तर आठवण करून देऊ नये. यमक जुळवायला त्यांना वेळ लागत असेल.