कोरेश राजावर बायबल अभ्यास कसा घ्यावा

'देव राज्यकर्त्यांना वापरतो' हा विषय निघाला की गट थेट रोमकरांस पत्र १३ (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हा अध्याय) उघडतो आणि मग वेळ संपेपर्यंत सरकारवर वाद रंगतो. त्यापेक्षा सुरुवात कोरेशापासून करा. पारसाचा (पर्शियाचा) हा राजा, इंग्रजीत सायरस, परमेश्वराला ओळखतच नव्हता. त्यामुळे 'भला होता म्हणून देवाने निवडला' हे सोपे उत्तर इथे चालत नाही.

दहा-बारा जणांच्या गटाला सव्वा तास पुरतो. यशया ४४:२४ ते ४५:१३ आणि एज्रा १ व ६ आदल्या आठवड्यातच वाचायला सांगा. सगळ्यांकडे एकच भाषांतर असलेले बरे.

पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर चार सनावळ्या लिहा: इ.स.पू. ५८६ यरुशलेमचा पाडाव, ५३९ कोरेशाने बाबेल (बॅबिलोन) घेतले, ५३८ तिथे हद्दपार केलेल्या यहूद्यांना परत जाऊ देणारे फर्मान, ५१६ मंदिर पूर्ण. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली बाबेलच्या सत्तेची ७० वर्षे (यिर्मया २५:११-१२, २९:१०) कोणीतरी बोटांवर मोजणारच. मंदिर पडल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंत ७० भरतात. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या ६०५ मधल्या स्वारीपासून फर्मानापर्यंत मोजले तर सदुसष्टच. दोन्ही हिशेब सांगून पुढे चला, इथे अडकू नका. यशयाचे ४० पासूनचे अध्याय कधी लिहिले गेले, हा वादही दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

खरा वेळ यशया ४५:१-५ ला द्या, निदान वीस मिनिटे. उतारा मोठ्याने वाचून घ्या आणि प्रत्येकाला पेन्सिलीने क्रियापदांखाली रेघा मारायला लावा: देव काय करतो त्याखाली एक, कोरेश काय करतो त्याखाली दोन. हात धरणे, पुढे चालणे, पितळी दरवाजे फोडणे, लोखंडी अडसर तोडणे, गुप्त धन देणे, नावाने हाक मारणे हे सगळे देवाकडे जाते. कोरेशाच्या वाट्याला येते ते जाणणे किंवा न जाणणे, आणि 'तू मला ओळखत नव्हतास' हे तर दोनदा येते. गटाला हे स्वतः सापडू द्या; आधी सांगून टाकले तर रेघा मारण्यात अर्थ उरत नाही.

मग एज्रा १:१ आणि १:५ शेजारी ठेवा. परमेश्वर राजाच्या मनाला चेतवतो, आणि परत जाणाऱ्यांच्या मनालाही. फर्मान निघाले तरी घरदार सोडायला माणसे तयार व्हावी लागतात.

ब्रिटिश म्युझियममधल्या कोरेशाच्या मातीच्या, लेख कोरलेल्या दंडगोलाचे छायाचित्र दाखवा. तो १८७९ मध्ये बाबेलच्या अवशेषांत सापडला. व्यासपीठावरून हमखास होणारी चूक अशी: 'यात यहूद्यांच्या सुटकेचा हुकूम आहे.' तसे नाही, त्यात यहूदा किंवा यरुशलेमचा उल्लेखच नाही. हद्दपार लोकांना आणि त्यांच्या देवांच्या मूर्तींना आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचे मात्र त्यात आहे, म्हणजे एज्राचे फर्मान त्याच धोरणात बसते. शिवाय कोरेशाचा हात धरून त्याला नावाने बोलावण्याचे श्रेय त्यात बाबेलचा देव मार्दुक याला दिले आहे. राजा श्रेय कोणाला देतो यावर देवाचे काम अडत नाही, हे यशयाचे म्हणणे इथे डोळ्यांसमोर येते.

यानंतर यशया १०:५-१५. वेळ कमी पडला की हाच भाग गळतो, आणि मग अभ्यास राज्यकर्त्याची आरती होऊन बसतो. अश्शूर (असिरियाचे साम्राज्य) हा देवाच्या क्रोधाचा सोटा, तरीही १२व्या वचनात त्याच्या गर्वाचा झाडा घेतला जातो. देवाने वापरणे म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. पंधरा मिनिटे राखून ठेवा.

रोमकरांस १३ आता उघडा. पौलाने ते पत्र इ.स. ५७ च्या सुमारास, नीरोच्या कारकिर्दीत लिहिले, हे आधी सांगा. लगेच प्रेषितांची कृत्ये ५:२९ (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे) वाचा, म्हणजे आज्ञापालनाची हद्द कळते.

'मग आजचा कोरेश कोण?' हा प्रश्न येईलच. २०१६ मध्ये अमेरिकेत काही प्रचारकांनी डोनाल्ड ट्रम्प यांना ती जागा दिली होती. कोरेशाचे नाव संदेष्ट्याने घेतले होते. आपल्या उमेदवाराचे कोणी घेतलेले नाही. नावे सुचवू देऊ नका.

शेवटची दहा मिनिटे १ तीमथ्य २:१-२ प्रमाणे प्रार्थनेला द्या. सरपंचापासून राष्ट्रपतींपर्यंत पदे वाटून घ्या आणि ज्याला आपण मत दिले नाही अशा एकासाठी प्रत्येकाने प्रार्थना करावी.