किडनी बदलल्यावर वावरात कधी जायचं अन् ताटात काय घ्यायचं

आईची किडनी मला बसवली, आणि गावात आलो तर जो तो म्हणे पलंगावरून उतरू नको बाप्पा. हे ऐकू नका. चालायला तर दवाखान्यातच एक-दोन दिवसात लावतात. घरी पहिले अंगणात पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, मग देवळापर्यंत, मग फाट्यापर्यंत, चालता चालता बोलता आलं पाहिजे एवढाच स्पीड. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ला जाते, तर ७ च्या आत उरकून घ्या आणि दुपट्टा बांधूनच निघा, कारण शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या घ्याव्या लागतात त्यांनी कातडीच्या कॅन्सरची रिस्क वाढते. पाणी कमी पडलं की क्रिएटिनिन (किडनी रक्तातून काढते तो कचरा) चढते, किती प्यायचं ते डॉक्टरला विचारा, बऱ्याच जणांना २-३ लिटर सांगतात.

वजन उचलायचं मात्र सांभाळा. नवीन किडनी मागं कंबरेत नाही, समोर जांघेच्या वर बसवतात, तिथं ताण पडला की हर्निया. म्हणून ६-८ आठवडे ४-५ किलोच्या वर काहीच नाही, भरलेला गुंड नाही, फवारणीचा पंप नाही. माझी पोरगी पायाला लटकायची, मी खाली बसून मांडीवर घ्यायचो. कोठ्यातलं शेण, कुजलेलं कुटार यापासून तर लय दिवस लांब, त्यातल्या बुरशीनं फुप्फुसात इन्फेक्शन होऊ शकते.

आता खाणं. स्टेरॉइडनं अशी भूक लागते की रात्री ११ ला डब्यातली भाकर शोधत होतो, वाटलं ताकद येऊन राहिली, पण साखर वाढली होती. पोट रिकामं वाटलं तर ताक-काकडी घ्या, फरसाण-लोणचं नको. जखम भरायला सुरुवातीला प्रोटीन जास्त लागते, तर वरण, पनीर, पूर्ण उकडलेली अंडी. कच्ची मोड आलेली मटकी, न तापवलेलं दूध, ठेल्यावरचं कापलेलं टरबूज बंद. पपनस तर तोंडातच घालू नका, त्यानं टॅक्रोलिमस (किडनी टिकवायच्या गोळ्यांतली एक) रक्तात वाढते, डाळिंबही टाळायला सांगतात. संत्री चालते, पण पोटॅशियम वाढलेलं असेल तर विचारून. गुळवेलाचा काढा कोणी प्रेमानं आणला तरी नाहीच, ज्या प्रतिकारशक्तीला आपण गोळ्यांनी दाबून ठेवतो तिलाच तो उठवते. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचा) सोडा.

रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायची असते त्या सकाळी ती गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावरच घ्या. ताप आला, लघवी कमी झाली, एका दिवसात किलोभर वजन चढलं तर आधी ट्रान्सप्लांटवाल्याला फोन, गावात दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेऊ नका.