तान्ह्या लेकीची पहिली नवरात्र

लेक साडेतीन महिन्यांची असताना नवरात्र आली. सासूबाईंचं एकच, सोलापूरच्या रूपाभवानी देवीच्या देवळात न्यायचंच. नेलं, पण पहाटे साडेपाचला. उन्हं वर आली की रांगही वाढते आणि सोलापूरचा ऑक्टोबर भाजायला लागतो. मग आधी बाळ रडतं, मागोमाग आपण. पाजून निघा. अंगावर जुन्या सुती साडीचं दुपटं पुरे. मी कौतुकानं नवी सोलापुरी चादर गुंडाळली होती. घरी येऊन बघते तर मानेच्या वळीत लालभडक घामोळं.

कोजागरीला तुळजापूर नकोच. सोलापूरपासूनचा ४५ किलोमीटरचा रस्ता चालत निघालेल्या भक्तांनी भरलेला असतो. दिवाळीनंतर एखादा मधला वार बघा; मंगळवार, शुक्रवार सोडून.

हादगा मात्र गल्लीतलाच, म्हणून सोपा. पाटावरच्या हत्तीभोवती कडेवर घेऊन दोन फेर धरा, गाणी ऐकून बाळ टकामका बघतं. खिरापत आपण खायची. सहा महिन्यांपर्यंत बोटभरसुद्धा चाटवायची नाही, कोजागरीचं मसाला दूधही नाही. आत्याबाई रुसतात, रुसू देत.

दसऱ्याला आपट्याचं पान बाळाच्या मुठीत फक्त फोटोपुरतं. आमचं थेट तोंडात गेलं होतं.