खानदेशात निवडुंग आणि सक्युलंटची रोपवाटिका शोधायला निघण्यापूर्वी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात निवडुंग वा सक्युलंट (पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी मांसल रोपे) घेण्यासाठी बाहेर पडणाऱ्याने सर्वांत आधी एक प्रश्न वहीत लिहून घ्यावा आणि तो प्रत्येक रोपवाटिकेत न संकोचता विचारावा : हे रोप इथे किती उन्हाळे राहिले आहे? जाती किती आहेत, दर काय आहे, कुंडी कोणत्या रंगाची मिळेल, हे सारे त्यानंतरचे. शोभेची बरीचशी रोपे आपल्याकडे पुण्याहून, आंध्र प्रदेशातील कडियमहून किंवा पार पश्चिम बंगालमधील कालिम्पाँगहून येतात. कालिम्पाँग समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 फुटांवर आहे. तेथील गार, दमट हवेत वाढलेले रोप आठवडाभराच्या प्रवासानंतर भुसावळच्या 45 अंशांच्या उन्हात उतरले की त्याचे काय होते, हे पाहायला फार दिवस थांबावे लागत नाही. म्हणून ज्या रोपवाटिकेत रोपाने निदान एक वैशाख काढलेला आहे, तीच आपल्या कामाची, मग तिच्याकडे दहाच जाती का असेनात.

दुसरी तयारी वेळेची. खरेदीसाठी दिवाळीनंतरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ ठरवावा. निवडुंग आणि बहुतेक सक्युलंट दिवसा आपली रंध्रे, म्हणजे सालीवरची बारीक छिद्रे, मिटून घेतात, रात्री उघडतात आणि तेव्हा आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड साठवून दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वापरतात; पाणी वाचवण्याची ही युक्ती रात्र गार असेल तरच नीट साधते. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीही हाताला गरम लागतो, त्यामुळे या दिवसांत रोप वाढत नाही, केवळ तग धरते. अशा रोपाची कुंडी बदलणे म्हणजे त्याच्यावर दुसरे संकट आणणे होय. मात्र एक फेरी मे महिन्यातच करावी, तीही दुपारी तीनच्या सुमारास आणि शक्य तर पाकीट घरी ठेवून. हिवाळ्यात सगळ्याच रोपवाटिका हिरव्यागार दिसतात. मेमधल्या दुपारी मात्र कोणाच्या शेडनेटखाली (सावलीच्या जाळीखाली) काय उरले आहे, कोणी कुंड्या पूर्वेच्या बाजूला हलवल्या आहेत आणि कोणी त्या तापलेल्या फरशीवर तशाच सोडल्या आहेत, हे न विचारता कळते.

निघण्यापूर्वी स्वतःच्या घराची पाहणी करून ठेवावी. सकाळचे ऊन किती तास येते, पश्चिमेच्या भिंतीची धग कुठवर पोहोचते, पावसाचे पाणी थेट कुंडीत पडेल का, एवढे लिहून ठेवले तरी पुरते. एचेव्हेरियासारखी गुलाबाकृती सक्युलंट आपल्या उन्हाळ्यात फार जपावी लागतात. नवख्याने ती यादीत शेवटी ठेवावीत. अडेनियम, कोरफड, घायपात, सान्सेव्हेरिया आणि काटेरी युफोर्बिया यांच्यापासून सुरुवात केली तर निराशा कमी पदरी येते.

नावांची यादी शास्त्रीय नावांनी करावी, कारण बाजारातील नावे फसवी असतात. ‘जेड’ म्हणून क्रासुला ओव्हाटाही विकली जाते आणि पोर्टुलाकारिया आफ्राही. दुसरी आपले ऊन सोसते, पहिली पश्चिमेच्या गॅलरीत पाने गाळते. शेताच्या बांधावरचा थोर हा निवडुंग नव्हे, तो एरंडाच्या कुळातला युफोर्बिया आहे. खरे निवडुंग कुळ जवळजवळ सगळे मूळचे अमेरिका खंडातले, आणि त्याचे काटे लहानशा लोकरी गादीतून उगवतात. हा फरक केवळ अभ्यासाचा नाही. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

रोपवाटिका शोधायची कुठे, याचे उत्तर फलकांवर मिळत नाही. महामार्गालगतच्या मोठ्या रोपवाटिका मुख्यतः फळझाडांच्या कलमांवर चालतात आणि ‘शासनमान्य’ ही पाटी बहुधा त्या कलमांपुरती असते. तिच्यावरून निवडुंगाविषयी काहीच ठरत नाही. अशा ठिकाणी निवडुंग असतात, पण कोपऱ्यात, आणि आंब्याच्या कलमांना पाणी देणारी नळी त्यांच्यावरूनही रोज फिरते. त्यापेक्षा आपल्या गावात कोणाच्या गच्चीवर पाच-सहा वर्षांची जुनी निवडुंगे आहेत, हे शोधावे आणि त्या घराची कडी वाजवावी. असे लोक रोप कोठून आणले हे तर सांगतातच, पण बहुतेकदा बुंध्याशी फुटलेली पिल्लेही काढून देतात. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे शिक्षक-विद्यार्थी आहेत, त्यांनाही विचारता येते. हातगाडीवरची रोपे मात्र मी घेत नाही. ती आज या चौकात आणि उद्या दुसऱ्या गावात असतात, त्यामुळे वरचा प्रश्न विचारायला माणूसच उरत नाही.

सोबत घ्यायच्या वस्तू थोड्याच आहेत : जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याचे उथळ खोके, भिंग, लांब चिमटा आणि चार-पाच जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. वर्तमानपत्राची घडी करून तिच्या पट्ट्याने निवडुंग उचलावे. फड्या निवडुंगाची बारीक कुसळे हातात शिरली की ती काढण्यात संध्याकाळ जाते. उदबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून बाहेर काढावी आणि तिला काय चिकटले ते पाहावे.

ही काडीची सवय मला एका नुकसानीतून लागली. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून नारळाएवढे गोल, सोनेरी काट्यांचे निवडुंग आणले होते. वरून पांढरी खडी पसरलेली, कुंडी नवी, सारे देखणे. श्रावणात ते एका बाजूला कलले म्हणून उचलायला गेलो, तर वरचा भाग हातात आला आणि बुंधा कुंडीतच राहिला. खडीखाली मुठीएवढा काळ्या मातीचा गोळा होता, बाहेरून ओला आणि आतून विटेसारखा घट्ट. मुळे त्या गोळ्यातून बाहेर पडलीच नव्हती. आपली काळी माती बेसाल्टपासून बनलेली, पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. कापसाला तिने जन्मभर पोसावे, पण निवडुंगाच्या मुळाशी तिचा चमचाही नको. म्हणून काडीला काळा चिखल चिकटला तर ते रोप सरळ परत ठेवावे. नदीची जाड वाळू, विटांचा चुरा, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा कोळशाचे तुकडे दिसले तर माळ्याशी बोलत बसावे. तो स्वतः मिश्रण करतो का आणि मिश्रण सुटे विकतो का, हे विचारावे. निव्वळ कोकोपीटमधील (नारळाच्या काथ्याच्या भुशातील) रोप घ्यायला हरकत नाही, पण घरी आणल्यावर मुळे मोकळी करावी लागतील हे धरून चालावे, कारण कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पाणी सहजासहजी शोषत नाही.

माती पाहून झाल्यावर भिंग काढावे. पानांच्या बेचक्यात आणि काट्यांच्या मुळाशी कापसाच्या बोंडातील धाग्यासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, कापूस लावणाऱ्या आपल्या भागात याची ओळख करून द्यावी लागत नाही. एचेव्हेरियाच्या पानांवर निसर्गतःच एक पांढरी भुकटी असते; ती साऱ्या पानावर सारखी पसरलेली असते आणि बोटाने पुसली तर पुन्हा येत नाही, म्हणून पाहताना तिला हात लावू नये. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर कीड दिसत नसली तरी ती कोठेतरी आहे असे समजावे. बुंध्याला हलकेच दाबून पाहावे : खालचा तपकिरी, कडक भाग हे वयाचे लक्षण, तर मऊ आणि ओलसर डाग हे कुजण्याचे. शेंडा फिकट आणि निमुळता झाला असेल तर रोप अंधारात वाढले आहे, आणि तो आकार नंतर सुधारत नाही.

काही गोष्टी तेथेच नाकाराव्यात. रंग फासलेली सक्युलंट, गोंदाने चिकटवलेली वाळकी फुले आणि एकमेकांना डिंकाने जोडलेले खडे, ज्यांतून पाणी आत जात नाही, यांवर उपाय नाही. लाल-पिवळा गोळा ज्या हिरव्या त्रिकोणी खोडावर बसवलेला असतो ते कलम आहे. गोळ्यात हरितद्रव्य नसल्याने तो खालच्या खोडावर जगतो आणि सहसा काही वर्षांत संपतो, हे माहीत असून घ्यायचे तर जरूर घ्यावे. डोंगरातून उपटून आणलेली माकडशिंगासारखी रोपे कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नयेत.

किती उन्हाळे राहिले, या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर ‘साहेब, परवाच गाडी आली’ असे आले आणि रोप तरीही आवडले, तर त्याला सरळ गच्चीवर नेऊ नये. पहिले तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर, सकाळच्या तिरप्या उन्हात ठेवावे, मुळे तपासली असतील तर आठवडाभर पाणी देऊ नये, आणि त्यानंतर दर चार-पाच दिवसांनी उन्हाचा तास वाढवावा. शेडनेटखालून एकदम उघड्यावर आणलेल्या निवडुंगाची साल नैऋत्येच्या बाजूने पांढरट-पिवळी भाजते आणि तो डाग कायमचा राहतो. कुंडीच्या बाजूवर पेन्सिलने आणल्याचा महिना आणि रोपवाटिकेचे नाव लिहावे. शाई आपल्या उन्हात एका हंगामात उडते.