पिवळी पडलेली सफरचंदाची रोपं, इंदूरची काळी माती आणि माझा गाढवपणा

तर झालं असं की मी हिमाचलहून सफरचंदाचे एमएम १११ जातीचे रूटस्टॉक (ज्यावर कलम बांधतात ती मुळाकडची रोपं) मागवले, इंदूरच्या घरामागच्या काळ्या मातीत पिशव्या भरून लावले, महिनाभर मस्त चाललं आणि मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्याच, अगदी जाळीसारख्या. दुकानदार म्हणाला नत्र कमी आहे भाऊ, युरिया द्या. दिला. काही फरक नाही. खरंतर तिथेच कळायला हवं होतं, नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, माझी तर वरची पडत होती, म्हणजे लोह कमी.

आईच्या स्वयंपाकघरातलं व्हिनेगर मातीच्या ढेकळावर ओतलं, फस्सकन फेस! म्हणजे चुना भरपूर. अशा मातीत लोह असतं पण मुळांना मिळत नाही, त्यात आमचं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरी खपली धरते.

आधी ईडीटीए वालं लोह (ईडीटीए म्हणजे लोह विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन) मातीत ओतून पैसे घालवले, जास्त पीएचला, म्हणजे चुनखडीच्या अल्कधर्मी मातीत, ते टिकतच नाही. मग ईडीडीएचए वालं, म्हणजे अशा मातीतही लोह धरून ठेवणारं, आणलं, रोपाला साधारण १ ग्रॅम, लालभडक पाणी होतं त्याचं, संध्याकाळी मुळाशी दिलं. बोअरच्या पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड घालून पीएच ६.५ च्या आसपास आणला. डीएपी खत बंद, त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं की लोह आणि जस्त दोन्ही अडवतं.

तीनेक आठवड्यांत नवीन पानं हिरवी आली. जुनी काही सुधारली नाहीत, ती तशीच राहिली बिचारी.