सीबीसीतले इओसिनोफिल आणि पंपाची भीती: अ‍ॅलर्जीचा दमा घरच्या घरी कसा समजून घ्यायचा

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. अमळनेर-चोपडा पट्ट्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १८ वर्षं झाली रक्ताच्या स्लाईडी बघतोय, आणि माझ्या ११ वर्षांच्या पोरीला दमा आहे. रोज कोणीतरी सीबीसीचा (रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा) कागद घेऊन काउंटरवर येतं आणि विचारतं, "भाऊ, इओसिनो वाढेल शे म्हणे, म्हणजे काय?" आणि थोडं थांबून, हळू आवाजात दुसरा प्रश्न येतो, पंपाचा, म्हणजे तोंडाने औषध ओढायच्या इन्हेलरचा, "पोरले पंपनी सवय लागी जाई ना?" काउंटरवर दोन मिनिटांत एवढं सगळं सांगून होत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितो. शरीरातली कोणती पेशी कधी काय करते हे एकदा कळलं की कोणतं औषध कधी आणि का घ्यायचं हे आपोआप लक्षात राहतं, निदान आमच्या घरी तरी तसंच झालं.

सुरुवात रिपोर्टपासूनच करू. सीबीसीमध्ये इओसिनोफिलचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा, टक्का दिलेला असतो आणि लोक तोच बघून घाबरतात किंवा निर्धास्त होतात. नुसता टक्का बघू नका, आकडा काढा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्का, भागिले १००. समजा एकूण पेशी ८००० आणि इओसिनोफिल ९ टक्के, तर झाले ७२०. साधारण ५०० च्या आत असेल तर नॉर्मल धरतात, म्हणजे हा वाढलेला आहे. दुसऱ्याच्या एकूण पेशी ११००० आणि टक्का ४, तर ४४०, हा ठीक. आता महत्त्वाचं, वाढला म्हणजे दमाच आहे असं नाही. आपल्याकडे पोटातले जंत हे इओसिनोफिल वाढायचं फार कॉमन कारण आहे, त्यात शेतात अनवाणी फिरणारी पोरं असली तर आधी तेच बघतात. आकडा ३००० च्या वर गेला आणि रात्रीचा कोरडा खोकला असला तर डॉक्टर हत्तीपायाच्या जंतामुळे होणाऱ्या प्रकाराचाही विचार करतात. आणि उलट, स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन मग रक्त दिलं तर काही तासांतच हे इओसिनोफिल रक्तातून गायब झालेले असतात, रिपोर्ट एकदम छान येतो आणि आपण म्हणतो काही नाहीये. म्हणून रक्त देताना कोणती औषधं चालू आहेत ते लॅबवाल्याला आणि डॉक्टरला दोघांना सांगा.

लीशमन स्टेन नावाच्या रंगाने रंगवलेल्या स्लाईडवर इओसिनोफिलची पेशी फार देखणी दिसते, चष्म्यासारखे दोन गोल जोडलेलं केंद्रक आणि आत गच्च भरलेले नारिंगी दाणे. इओसिन नावाचा रंग हे दाणे पकडतात म्हणून हे नाव, पॉल एर्लिखने १८७९ मध्ये दिलेलं. त्याच माणसाने एक वर्ष आधी मास्ट सेलला पण नाव दिलं होतं, आणि अ‍ॅलर्जीची सगळी गडबड सुरू होते ती ह्या मास्ट सेलपासून. पण मास्ट सेल मला स्लाईडवर दिसत नाही, कारण ती रक्तात फिरत नाही, नाकाच्या, श्वासनळीच्या, कातडीच्या अस्तरात ठाण मांडून बसते. म्हणून सीबीसी नॉर्मल आहे म्हणजे अ‍ॅलर्जी नाही असं कधीच समजू नका.

आता हे सगळं घडतं कसं ते बघा. श्वासनळीच्या अस्तरात डेंड्रिटिक नावाच्या पेशी फांद्या पसरून पहारा देत असतात. समजा गादीतल्या धुळीच्या किड्यांचा कण आत आला, ही पेशी तो उचलते, जवळच्या लसिका गाठीत नेते आणि टी पेशीला (हुकूम सोडणारी पांढरी पेशी) दाखवते. बहुतेकांच्या शरीरात टी पेशी म्हणते जाऊ दे, काही धोका नाही. अ‍ॅलर्जीवाल्याच्या शरीरात मात्र ती टाइप टू, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या वळणाची होते आणि बी पेशीला निरोप देते की ह्याच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी बनव. ते आयजीई जाऊन मास्ट सेलच्या अंगावर बसतं, बंदुकीत गोळी भरून ठेवावी तसं. ह्या वेळेपर्यंत तुम्हाला काहीही त्रास होत नसतो! म्हणून "इतकी वर्षं ह्याच घरात राहतोय, मग आताच कसं?" ह्याला काही अर्थ नाही, तयारी आधीपासून आत चालू असते.

पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट सेल काही मिनिटांत आतला माल बाहेर टाकते, हिस्टामाईन आणि ल्युकोट्राईन ही रसायनं सुटतात, शिंका, नाक गळणं, श्वासनळीचे स्नायू आवळले की छातीत सूं सूं आवाज. हा पहिला झटका. तास-दोन तासांत ओसरतो आणि आपल्याला वाटतं संपलं.

संपलेलं नसतं, आणि मला तुम्हाला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. टी पेशींनी दिलेल्या निरोपामुळे इओसिनोफिल रक्तातून श्वासनळीत यायला लागतात आणि साधारण ४ ते ८ तासांनी दुसरा झटका येतो, हा सुजेचा आणि चिकट कफाचा असतो. माझ्या पोरीचं असंच झालं होतं. दिवाळीच्या आधी संध्याकाळी सहाला माळ्यावरच्या जुन्या गोधड्या खाली काढल्या, तिला दहा-पंधरा शिंका आल्या, निळा पंप (लगेच आराम देणारा) दिला, बरी झाली, जेवली, झोपली. रात्री दीड वाजता उठून बसली, बोलता येईना, मानेखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. आम्ही म्हणत होतो थंडी लागली, दही खाल्लं. संध्याकाळच्या सहाशी त्याचा संबंध आहे हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि महिनाभर आधी ती एकदम ठणठणीत होती म्हणून रोजचा स्टिरॉइडचा पंप (सूज कमी करणारा) आम्हीच बंद केला होता. ती रात्र मी विसरणार नाही.

तर पहिलं काम हे करा, एक साधी वही घ्या आणि त्रास कधी झाला ते वेळेसकट लिहा, आणि मग तिथून मागे मोजा. लगेचची मिनिटं पण बघा आणि आधीचे ४ ते ८ तास पण बघा. झाडलोट, कूलर, धान्याची कोठी, कापसाच्या गंज्या, मांजर, काय होतं तेव्हा? दोन-तीन आठवड्यांत आपला आपल्यालाच पॅटर्न दिसायला लागतो, आणि डॉक्टरलाही ही वही दहा टेस्टपेक्षा जास्त उपयोगी पडते असं माझं प्रामाणिक मत आहे.

वही लिहिताना अ‍ॅलर्जी कशाला म्हणायची आणि नुसती चीड कशाला ते वेगळं ठेवा. नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीजवळून गेलं की कोणालाही ठसका लागतो, तो मिरचीतल्या तिखटाने मज्जातंतू चिडल्यामुळे, त्यात आयजीई आणि मास्ट सेलचा हात नसतो. पण ज्याची श्वासनळी आधीच सुजलेली आहे त्याला साध्या फोडणीच्या धुराने पण अटॅक येऊ शकतो. जिनिंगमधली (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातली) कापसाची धूळ अजून वेगळी, त्या धुळीत जंतूंच्या कवचाचे विषारी अंश असतात आणि त्यामागे न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पेशी धावून येतात. सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळत असेल तर डॉक्टरला कामाचं ठिकाण आवर्जून सांगा. आणि गाजरगवत तर दोन्हीकडून मारतं, परागांनी नाक-डोळे धरतात ते आयजीईवालं काम, पण हातामानेवर दिवसा-दोन दिवसांनी जो खाजरा चट्टा उठतो तो थेट टी पेशींचं काम आहे, त्यात आयजीईची टेस्ट काही दाखवत नाही, त्यासाठी पाठीवर पट्टी लावून ४८ तास ठेवायची पॅच टेस्ट असते.

केळ्याबद्दल पण बोलतो, कारण रावेर-यावल पट्ट्यात राहून दम्याच्या पोरांना केळं बंद केलेलं बघून मला वाईट वाटतं. केळ्याने दमा होत नाही. केळ्याची खरी अ‍ॅलर्जी असते, पण ती थोड्या लोकांना, खाल्ल्यावर लगेच ओठ-तोंड खाजतं, आणि अशांपैकी काहींना रबरी फुगा किंवा हातमोज्याने पण खाज सुटते, कारण लॅटेक्स आणि केळं ह्यांतली काही प्रथिनं सारखी आहेत. तसं काही होत नसेल तर पोराला खाऊ द्या केळं.

आता औषधं. निळा पंप म्हणजे सालबुटामॉल, तो फक्त आवळलेला स्नायू सैल करतो, ५ मिनिटांत बरं वाटतं, ४-६ तास टिकतं, पण आतल्या इओसिनोफिलला तो हातही लावत नाही. सूज तशीच. म्हणूनच २०१९ पासून जागतिक गाईडलाईनमध्ये मोठ्यांना आणि १२ वर्षांवरच्या पोरांना नुसत्या अशा पंपावर ठेवू नका असं सांगितलंय. सेट्रिझिनसारखी गोळी फक्त हिस्टामाईन अडवते, नाकाला आणि खाजेला छान, दम्याला तिचा फारसा उपयोग नाही. मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्राईन अडवतं, पण ते चालू असताना पोरगं विचित्र स्वप्नं, चिडचिड, उदासी असं काही दाखवत असेल तर लगेच डॉक्टरला सांगा. आणि ज्या स्टिरॉइडच्या पंपाला सगळे घाबरतात, तोच एक टी पेशींचा निरोप दाबतो आणि इओसिनोफिल कमी करतो, फक्त त्याला दिवस-आठवडे लागतात, आज घेतला आणि आज फरक असं नाही. एका पफमध्ये औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं, १०० किंवा २०० वगैरे, आणि गोळी असते मिलिग्रॅममध्ये. २०० मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅमचा पाचवा भाग, तो पण थेट श्वासनळीत. सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत येतो कारण पेशी परत येतात. कमी करायचा असेल तर डॉक्टरला विचारून, पायरी-पायरीने. फारच जबर दमा असेल तर आयजीईला किंवा इओसिनोफिल वाढवणाऱ्या निरोपालाच पकडणारी इंजेक्शनं आहेत, ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब अशी, महाग आहेत आणि ती छातीच्या स्पेशालिस्टनेच ठरवायची.

आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागतोय किंवा रात्री दम्याने जाग येतेय, तर दमा काबूत नाही, पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवून या. बोलताना वाक्य पूर्ण होत नाही, बरगड्यांमध्ये खड्डे पडतात, ओठ निळसर दिसतात, तर काढा, वाफ, शेक काहीही करत बसू नका, स्पेसरने (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी) निळ्या पंपाचे ४ पफ एकेक करून द्या आणि १०८ ला फोन किंवा मिळेल ती गाडी, वाटेत २० मिनिटांनी परत द्या.

घरात काय करायचं तर होळीनंतर कूलर माळ्यावरून खाली येतो तेव्हा मागच्या वर्षीचं गवत तसंच ठेवून चालू करू नका, त्यात बुरशी असते आणि पंखा ती थेट खोलीत फेकतो. गवत नवीन घाला, टाकी घासून घ्या, आणि हे काम दम्याच्या माणसाने करायचं नाही. गोधड्या-गाद्यांना आपलं मे महिन्यातलं ऊन हे फुकटचं औषध आहे, कोरड्या उन्हात किडे मरतात, पण त्यांचा कचरा आतच राहतो, म्हणून अंगणात झटका आणि चादरी-खोळी कडक गरम पाण्यात धुवा.

स्पेसरशिवाय लहान पोरांना पंप देऊ नका, बरंचसं औषध तोंडातच राहतं. पंप हलवायचा, एकच पफ दाबायचा, पोराने सावकाश ५-६ श्वास घ्यायचे, मग दुसरा. मोठ्यांनी दाबता दाबता हळू खोल श्वास घ्यायचा आणि १० पर्यंत मोजत धरायचा. कॅप्सूल घालून पावडर ओढायच्या मशीनला मात्र उलटं, तिथं श्वास जोरात आणि लांब ओढायचा, ह्यात फार लोक चुकतात. स्टिरॉइडचा असला की चूळ भरून थुंकायची. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळू द्या, फडक्याने आतून पुसलात तर प्लॅस्टिक औषधाला ओढून धरतं आणि ते पोराच्या छातीत जायच्या ऐवजी भिंतीला चिकटून बसतं.