कॉम्प्युटरवर लिनिअर अल्जेब्रा शिकताना ताळा विसरू नका : या चुका टाळा

फर्स्ट इयरचं प्रॅक्टिकल चालू होतं. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांना एकच गणित दिलेलं, पण उत्तरं वेगवेगळी आली. गणित तोंडी सुटेल इतकं साधं होतं :

२क्ष + य = ५
क्ष + ३य = १०

एकानं ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅट्रिक्स (समीकरणांतल्या आकड्यांचा तक्ता) टाकली, बॅकस्लॅश (समीकरणं सोडवून देणारं उलट्या तिरक्या रेघेचं चिन्ह) मारला आणि क्ष = १, य = ३ मिळवलं. दुसरा जास्त मेहनती. त्यानं पायथनमध्ये गाऊस एलिमिनेशनचा (एका ओळीची पट दुसरीतून वजा करत एकेक अज्ञात घालवायच्या रितीचा) प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता आणि त्याचं उत्तर होतं क्ष = ०.७५, य = ३.५. प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचली, रीत बरोबर होती. त्याचं म्हणणं, "सर, एरर तर आलाच नाही." पहिल्या समीकरणात किमती टाकल्या : १.५ + ३.५ = ५, जुळलं. तो खूश. दुसऱ्यात टाकल्या : ०.७५ + १०.५ = ११.२५. तिथे दहा यायला हवे होते.

घोळ मॅट्रिक्स लिहिण्यात होता. त्यानं सगळे आकडे पूर्णांक म्हणून दिले, त्यामुळे नमपायनं (पायथनमधलं मॅट्रिक्सच्या गणिताचं पॅकेज) ती अ‍ॅरे पूर्णांकांची धरली. दुसऱ्या ओळीतून पहिलीची निमपट वजा केली की ०, २.५, ७.५ येतं. पण पूर्णांकांच्या खणात अपूर्णांक मावत नाही, म्हणून तिथे ०, २, ७ साठवलं गेलं. दशांश चिन्हापुढचं सगळं गुपचूप कापलं गेलं, आणि कुणी चूं केलं नाही. उपाय अर्ध्या मिनिटाचा : एक आकडा २ ऐवजी २.० असा लिहा, किंवा अ‍ॅरे बनवतानाच प्रकार फ्लोट (दशांशाचा) सांगा. मॅटलॅब आणि त्याच्यासारखी सॉफ्टवेअर ऑक्टेव्ह, सायलॅब यांत साधे आकडे आपोआप दशांशाचे धरले जातात, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. तिकडून पायथनकडे आलेला विद्यार्थी नेमका इथे पाय घसरून पडतो.

चौथीत भागाकार झाला की बाई ताळा करायला लावायच्या : भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. इंजिनिअरिंगला आल्यावर ती सवय सुटते, कारण उत्तर मशिनचं असतं. मशिनची बेरीज चुकत नाही, हे खरंच. पण आपण विचारलं एक आणि त्यानं सोडवलं भलतंच, असं रोज होतं. उत्तर आलं की मॅट्रिक्सला त्यानं गुणा आणि उजव्या बाजूतून वजा करा. एका ओळीचं काम आहे.

चांदणीचा घोटाळा

१ २ / ३ ४ ही मॅट्रिक्स (तिरकी रेघ म्हणजे पुढची ओळ) घ्या आणि तिला तिनंच गुणा. मॅटलॅब, ऑक्टेव्ह किंवा सायलॅबमध्ये नुसती चांदणी वापरली तर ७ १० / १५ २२ येतं. हा वर्गात शिकवलेला मॅट्रिक्सचा गुणाकार. चांदणीच्या आधी टिंब दिलं तर १ ४ / ९ १६ येतं, म्हणजे समोरासमोरचे आकडे गुणले. नमपायमध्ये गाडी उलटी : नुसती चांदणी समोरासमोरचे आकडे गुणते, आणि खऱ्या गुणाकाराला ईमेलच्या पत्त्यातलं ते 'अ‍ॅट'चं चिन्ह लागतं. चौरस मॅट्रिक्स असेल तर दोन्ही प्रकारांत आकार जुळतो, त्यामुळे एरर येण्याचा प्रश्नच नाही. कॉलेजात एका सेमिस्टरला सायलॅब आणि पुढच्याला पायथन असेल, तर पहिले पंधरा दिवस ही चूक ठरलेली.

तिचीच धाकटी बहीण म्हणजे आडव्या ओळीतून उभा स्तंभ वजा करणं. तीन आकड्यांची ओळ, तीन आकड्यांचा स्तंभ. कागदावर ही वजाबाकी होतच नाही. मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि नमपाय मात्र दोघांना ताणून तीन बाय तीनची मॅट्रिक्स हातात ठेवतं. मॅटलॅब पूर्वी इथे अडवायचं, २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून अडवत नाही. ताळा करताना तीन शून्यांऐवजी नऊ आकडे आले तर गणितात चूक शोधत बसू नका, आधी आकार विचारा. नमपायमध्ये आणखी एक गंमत आहे. एकाच कंसातल्या आकड्यांच्या अ‍ॅरेला उभं-आडवं असं काही नसतंच. तिचा ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ) घेतला तरी ती जशीच्या तशी राहते.

फुटकळ चुका पटकन सांगतो, कारण लॅबचा निम्मा वेळ याच खातात. आपल्या फाइलला 'रँक' किंवा 'डेट' (डिटर्मिनंट काढणारं) अशा तयार फंक्शनचं नाव देऊ नका, नाहीतर मॅटलॅब स्वतःचं फंक्शन सोडून तुमची फाइल चालवतं. पायथनमध्ये फाइलचं नाव 'नमपाय' ठेवणारा दर बॅचला एक तरी निघतो. उत्तर ठेवायला 'इन्व्ह' नावाचा व्हेरिएबल केला, तर पुढच्या वेळी इन्व्हर्स (जिच्याशी गुणलं की एकक मॅट्रिक्स येते ती) मागताना इंडेक्सबद्दलचा अगम्य एरर येतो. व्हेरिएबल पुसला की फंक्शन परत जागेवर. आणि मॅटलॅब मोठे-लहान आकडे एकत्र दाखवताना वर एकदाच '१.०ई+०३ गुणिले' असं छापतं. ते न पाहता खालचे आकडे जर्नलमध्ये उतरवले की सगळं उत्तर हजारपटीनं लहान.

आयगेन व्हेक्टर 'चुकतो' तेव्हा

मॅट्रिक्सनं गुणल्यावर जो व्हेक्टर नुसता काही पट होतो तो आयगेन व्हेक्टर, आणि ती पट म्हणजे आयगेन किंमत. ४ १ / २ ३ या मॅट्रिक्सच्या आयगेन किमती ५ आणि २. हातानं व्हेक्टर येतात (१, १) आणि (१, −२). स्क्रीनवर दिसतं :

०.७०७१ −०.४४७२
०.७०७१ ०.८९४४

यावर ठरलेली तक्रार, "उत्तर जुळत नाही." जुळतंय. सॉफ्टवेअर प्रत्येक व्हेक्टरची लांबी १ करून देतं आणि चिन्ह कोणतंही ठेवतं. प्रत्येक स्तंभाला त्याच्या पहिल्या आकड्यानं भागा, हातचं उत्तर परत मिळेल. स्तंभाला म्हटलं, हं. ओळ वाचणारे खूप. ओळ वाचून (०.७०७१, −०.४४७२) घेतला आणि मॅट्रिक्सनं गुणला तर २.३८ आणि ०.०७ येतं. हा मूळ व्हेक्टरच्या कोणत्याच पटीत बसत नाही. किमती चढत्या क्रमानंच येतील असंही धरू नका. कोणती किंमत कोणत्या स्तंभाची, ते जागेवरून ओळखायचं.

याहून फसवी गोष्ट १ १ / ० १ या मॅट्रिक्समध्ये आहे. तिला आयगेन व्हेक्टर एकच. सॉफ्टवेअर मात्र दोन स्तंभ देतं : (१, ०) आणि (−१, ०.००००). मुलं लिहितात, "दोन व्हेक्टर मिळाले, म्हणून डायगोनलाइज होते." (म्हणजे नुसत्या कर्णावर आकडे असलेल्या रूपात मांडता येते; त्याला दोन खरोखर वेगळे व्हेक्टर लागतात.) त्या ०.०००० च्या पोटात दहाच्या उणे सोळाव्या घाताच्या घरातला आकडा दडलेला असतो. दोन स्तंभांच्या त्या मॅट्रिक्सची रँक (एकमेकांवर अवलंबून नसलेले स्तंभ किती) विचारा, १ येईल.

शून्य नसलेलं शून्य

आता ज्या चुकीवर व्हायवात (तोंडी परीक्षेत) सगळ्यात जास्त मुलं अडकतात, तिच्याकडे येतो. मॅटलॅब किंवा ऑक्टेव्हमध्ये चार बाय चारचा जादूचा चौरस मागवा :

१६ २ ३ १३
५ ११ १० ८
९ ७ ६ १२
४ १४ १५ १

कोणतीही ओळ, कोणताही स्तंभ, बेरीज ३४. आता डिटर्मिनंट काढा. दहावीत क्रेमरच्या रितीत 'निश्चयक' म्हणून भेटला होता तोच. उत्तर येतं −१.४४९५ गुणिले दहाचा उणे बारावा घात. शून्य नाही, म्हणजे इन्व्हर्स आहे, असं मानून मुलं इन्व्हर्स काढतात. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह निदान सूचना छापतात, आणि ती लाल-केशरी ओळ वाचायची पद्धत आपल्याकडे नाही. नमपाय गप्पच बसतं. एलिमिनेशनमध्ये अगदी नेमकं शून्य आलं, तरच ते तक्रार करतं. इन्व्हर्सचे आकडे दहाच्या चौदाव्या-पंधराव्या घाताचे असतात. वहीत उतरवताना हात कसा थरथरत नाही, कोण जाणे.

खरं उत्तर कागद-पेन्सिलीनं मिळतं. पहिला स्तंभ, अधिक दुसऱ्याची तिप्पट, वजा तिसऱ्याची तिप्पट, वजा चौथा. पहिल्या ओळीत १६ + ६ − ९ − १३ = ०. दुसरीत ५ + ३३ − ३० − ८ = ०. तिसरीत ९ + २१ − १८ − १२ = ०. चौथीत ४ + ४२ − ४५ − १ = ०. स्तंभ एकमेकांवर अवलंबून आहेत, डिटर्मिनंट पक्कं शून्य आहे, इन्व्हर्स नाहीच. तो उणे बारावा घात आला राउंडिंगमधून : मशिन प्रत्येक आकडा सुमारे सोळा अंकांपर्यंतच जपतं आणि एलिमिनेशनच्या भागाकारांत शेवटचे अंक घासले जातात. रँक विचारली असती तर तिनं सरळ ३ सांगितलं असतं, कारण किती लहान आकडा शून्य मानायचा याचा विचार त्या फंक्शनमध्ये केलेला असतो.

गंमत पुढे आहे. त्या भंगार इन्व्हर्सचा कोणताही स्तंभ घ्या आणि आकड्यांची गुणोत्तरं काढा. जवळपास १ : ३ : −३ : −१ मिळतं, म्हणजे आपण आत्ता पेन्सिलीनं वापरलेलीच संख्या. मशिननं चुकीच्या प्रश्नाच्या उत्तरातही खरी खूण ठेवलेली असते.

स्वतः करून पाहायचं असेल तर खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला चौतीसा यंत्राचा चौरस घ्या. त्याचीही बेरीज ३४ :

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

इथे गुणक थोडे बदलतात : १, ३, −१, −३. आधी हातानं तपासा, मग मशिनला डिटर्मिनंट विचारा, मग रँक.

उलटी चूकही होते. डिटर्मिनंट फार लहान दिसलं की "सिंग्युलर आहे" (म्हणजे इन्व्हर्स नाही) असं ठोकून देतात. कर्णावर सगळीकडे ०.१ असलेली शंभर बाय शंभरची मॅट्रिक्स घ्या. डिटर्मिनंट दहाचा उणे शंभरावा घात, आणि इन्व्हर्स तोंडी सांगता येतो : कर्णावर १०. डिटर्मिनंटच्या लहान-मोठेपणावरून काही ठरवूच नका.

बॅकस्लॅश नाही म्हणत नाही

क्ष + य = २, क्ष − य = ०, क्ष + २य = ४. पहिल्या दोन समीकरणांतून दोन्ही किमती १ येतात, आणि मग तिसऱ्याची डावी बाजू ४ ऐवजी ३ येते. म्हणजे उत्तर नाही. बॅकस्लॅश मारा : १.१४२९ आणि १.२८५७ मिळेल, तेही कसलीच सूचना न देता. समीकरणं अज्ञातांपेक्षा जास्त असली की तो 'लीस्ट स्क्वेअर्स'नं सर्वांत कमी चुकणारी तडजोड काढून देतो. प्रयोगातल्या बिंदूंमधून रेषा काढायला हे वरदान आहे. पण प्रश्न "सिस्टिम कन्सिस्टंट आहे का?" (सगळी समीकरणं एकाच वेळी पाळणारं उत्तर आहे का) असा असेल, तर हे उत्तर लिहून शून्य मार्क. एम-वनमध्ये (पहिल्या वर्षाच्या गणितात) शिकलेली रँकची कसोटी इथे वापरायची : मूळ मॅट्रिक्सची रँक २, उजवी बाजू जोडल्यावर ३, दोन्ही वेगळ्या म्हणजे उत्तर नाही. ताळ्यातही पहिल्याच ओळीत २ ऐवजी २.४२८६ दिसलं असतं.

आणि उत्तर काढायला इन्व्हर्स घेऊन गुणू नका, पुस्तकात सूत्र तसं असलं तरी. बॅकस्लॅश किंवा नमपायचं 'सॉल्व्ह' एलिमिनेशननं थेट उत्तराला जातात. काम कमी, राउंडिंगही सहसा कमी. क्रेमरची रीत दोन बाय दोनपर्यंत ठीक. वीस बाय वीसचं डिटर्मिनंट उपनिश्चयकांनी उलगडायला गेलात तर २० फॅक्टोरियल, म्हणजे सुमारे २.४ गुणिले दहाचा अठरावा घात इतकी पदं होतात. एलिमिनेशनला साडेपाच हजारांच्या आत क्रिया पुरतात.

ताळाही फसवतो तेव्हा

इतका वेळ ताळ्याचं गुणगान केलं, आता त्याची मर्यादा.

क्ष + य = २
क्ष + १.०००१य = २

उत्तर क्ष = २, य = ०. समजा कुणी क्ष = १, य = १ असं लिहून आणलं. ताळा करा : पहिलं समीकरण तंतोतंत, दुसऱ्यात फरक फक्त ०.०००१. आपण म्हणू, "चालेल." पण उत्तर तर पार वेगळं आहे. दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर पडल्या आहेत, त्यामुळे छेदनबिंदू केसभर धक्क्यानं कुठल्या कुठे सरकतो.

अशा वेळी कंडिशन नंबर मागायचा, म्हणजे दिलेल्या आकड्यांतली चूक उत्तरात किती पट वाढू शकते ते सांगणारा आकडा. मॅटलॅब, ऑक्टेव्ह, सायलॅब आणि नमपाय या चौघांतही त्याचं फंक्शन आहे. इथे तो सुमारे ४०,००० येतो. ढोबळ हिशेब असा : त्या आकड्यात दहाचे जितके घात, उत्तरातले तितके अंक गेले समजा. इथे चार ते पाच. मशिनकडे सोळा आहेत, त्यामुळे मशिनला फरक पडत नाही. पण उजवी बाजू तुम्ही लॅबमधल्या मीटरवर तीन अंकांपर्यंत वाचून टाकली असेल, तर उत्तरात एकही अंक भरवशाचा उरत नाही. हिल्बर्टची (१, १/२, १/३ अशा अपूर्णांकांची) दहा बाय दहाची मॅट्रिक्स घेतलीत तर हा नंबर दहाच्या तेराव्या घातात जातो आणि मशिनचे स्वतःचे अंकसुद्धा संपत येतात. तिथे स्क्रीनवरचे चार दशांश उतरवून पुढचं गणित करणारा जे मिळवतो, त्याला उत्तर म्हणता येत नाही.

सरावाला सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. ऑक्टेव्ह आणि सायलॅब फुकट आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबचे धडे आहेत. आयगेन किमतींना मात्र सायलॅबमध्ये 'स्पेक' म्हणतात. 'आयग' टाइप करून "आमच्या मशिनवर चालत नाही" म्हणणारे दोघं गेल्याच आठवड्यात भेटले.